धुरातलं

नगरपालिकेच्या स्मरणिकेत
मला अर्धं पान दिलंय.
विषय : निपाणीत सोन्याचा धूर निघायचा
म्हणतात, तो काळ. अर्थ आणि वापर.
शब्द दीडशे. मानधन नाही, दोन प्रती.

वापर सोपा आहे.
इथं जुनं साल कुणी सालानं सांगत नाही.
अक्कोळ रस्त्यावरचा लोखंडी जिना धुरातला,
जत्राटकर वकिलांचं पहिलं लग्न धुरातलं,
दुसरं नंतरचं.
आणि हॉटेलात कुणी उधारी काढली की
गल्ल्यावरचा मंजुनाथ वर न बघता म्हणतो,
'धूर संपला की रे आता.'

अर्थासाठी मात्र तीन दिवस फिरलो.

शांतिनाथ बुदिहाळे, वय शहाऐंशी, अडत बंद.
म्हणाले, बोदावर हात ठेवायचा,
मूठभर जर्दा नाकाशी न्यायचा,
भाव रुमालाखाली, बोटं दाबून.
'तोंडानं कोण बोलत होतं, मास्तर?'
माझा हात त्यांनी पंचाखाली घेतला
आणि काहीतरी भाव केला.
किती, ते मला कळलं नाही.
मी हो म्हणालो.

दस्तगीर मुल्ला, वखारीचा जुना राखणदार,
म्हणाला, धूर खराच होता.
मार्चात मालकाची मागची वखार पेटली,
चार दिवस गाव शिंकत होतं,
गाढवंसुद्धा.
विमा मंजूर झाला,
दिवाळीला मालकाच्या घरावर तिसरा मजला.
'तवापासनं म्हणत्यात.'
मग आवाज खाली आणून :
'हे लिहू नका.'
स्मरणिकेत नाही लिहिलं.

शाळेत बसगौडा, कन्नड विषय,
डबा उघडता उघडता म्हणाला,
आमच्यात तंबाखूलाच होगेसोप्पु म्हणतात.
होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला.
धूर आमच्यात आधीपासून पानात असतो.
सोनं नंतर. आलं तर.
आणि त्यानं मला शेंगाचटणी वाढली.

शेवटी सुंदराक्का कुरणे.
चाळीस वर्षं बिड्या.
तिचं वाक्य मी घरूनच तयार करून नेलं होतं :
सोनं त्यांचं, धूर आमचा.
पेनाचं टोपण काढून बसलो.
ती ते बोललीच नाही.
म्हणाली, 'चांगला काळ हुता बघ.
हात चालायचा माजा.
दिसाला हजार वळायचो,
मुकादम छाट काढायचा, तर दहा-बारा, जास्ती न्हाई.
हजारीला आठ आणे वाढवून घ्यायला
बेळगावपातुर चालत गेलो आमी बायका.
तवंदीच्या घाटात माजं पायताण तुटलं,
रतनबीनं तिचं एक दिलं.
दोघी एकेका पायानं अनवाणी.
हसू हसू मेलो.
एकोणीस वर्साचा हुतो मी तवा.'
आणि खोकली.
बराच वेळ खोकली.
मी तांब्या पुढं केला.
वहीत काय लिहावं सुचेना, तर
'एकेका पायानं' एवढंच लिहिलं.

दीडशे शब्द दिले.
कन्नड भाषांतर बेळगावात झालं,
तिथं कुणीतरी 'सुवर्ण युग' केलं.
वाचायला छान आहे.
धूर नाही.
मराठी मजकूर जागेअभावी पुढच्या अंकात.
स्मरणिकेला पुढचा अंक नसतो
हे मी कुणाला सांगायला गेलो नाही.

दोन प्रती आल्या.
एक सुंदराक्काला नेऊन दिली.
तिनं पान बोटांनी चाचपलं.
लई गुळगुळीत, म्हणाली, वळायला बेकार.
तरी कडेची पट्टी फाडली.
नातसुनेच्या बाळंतपणाचं बोलणं चालूच,
नजर दाराकडं,
आणि मांडीवर कागद वळत गेला,
नखानं तोंड मोडलं गेलं.
उजेडाला धरून एकदा फिरवली,
आणि बाजूला टाकली.

'छाट.'